काबरीने नाकारलेला लाडू

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा माझ्या तोंडातले दात माझे स्वतःचे होते. त्या काळी जनावरं बोलायची. माणसं ऐकायची का, असं विचारू नका. ती आता तरी कुठे ऐकतात?

एका राज्यात राणीसाहेबांचा हुकूम होता, की प्रत्येक शाळेनं एक तरी जनावर पाळावं, म्हणजे पोरांच्या मनात दया उपजेल. डोंगराजवळच्या एका शाळेत शेळ्या होत्या, दोघी बहिणी. धाकटीच्या अंगावर काळे-पांढरे ठिपके, म्हणून तिचं नाव काबरी.

त्या राज्यात एक रीत होती. एका शाळेची पोरं दुसऱ्या शाळेच्या भेटीला गेली, की प्रत्येकानं तिथल्या जनावराला आपल्या हातानं गुळाचा लाडू भरवायचा. जनावरानं तोंड फिरवलं, तर तो पाहुण्यांचा अपमान. प्रत्येक पोराला वाटायचं, मी तर एकच दिला. खरंच होतं ते. पोरं भोळी असतात आणि मोठ्यांना बेरीज येत असली तरी ऐनवेळी आठवत नाही.

मागच्या भेटीत लाडू खायचा मान थोरलीचा होता आणि तिनं सगळ्यांचं मन राखलं. संध्याकाळी तिचं पोट डफासारखं फुगलं आणि सकाळी ती उठली नाही. गुरुजी म्हणाले, “आयुष्य तेवढंच होतं.” पोरांनी फुलं वाहिली. शेजारच्या खुंट्याला बांधलेल्या काबरीनं सगळं पाहिलं होतं.

आता वार्ता आली, की राजवाड्याच्या शाळेची पोरं येणार. सोबत युवराज आणि खुद्द राणीसाहेब. काबरी तेव्हा गाभण होती.

गुरुजी तिच्या कानाशी लागले. “बाई, आजचा दिवस माझी अब्रू राख.”

“अब्रू तुमची आणि लाडू माझ्या पोटात? हे कुठलं गणित, गुरुजी?”

“हळू बोल. राणीसाहेब ऐकतील.”

“ऐकू देत. ऐकावं म्हणूनच बोलतेय.”

पाहुणे आले. पाठोपाठ लाडवांच्या पाट्या आल्या. पहिला लाडू राणीसाहेबांनी पुढे केला. काबरीनं तोंड फिरवलं. राणीसाहेबांनी दुसऱ्या बाजूनं दिला. काबरीनं शिंगानं असा उडवला, की तो गुरुजींच्या पागोट्यावर जाऊन बसला.

“हिला इतका माज?” राणीसाहेब म्हणाल्या. “शिंगं धरा, तोंड उघडा. नाही खाल्लं तर रानात हाकलून द्या.”

रानात लांडगे होते. काबरीला ते ठाऊक होतं. पण तिचे पाय काही हलले नाहीत.

“माझी बहीण तुमच्या लाडानं मेली,” ती म्हणाली. “माझ्या पोटात जीव आहेत. त्यांना तुमच्या रीतीपायी मारणार नाही. लांडगा निदान प्रेमानं तर मारत नाही. पण आधी एक करा. हेच लाडू पोरांनी एकेक करून युवराजांना भरवावेत. त्यांनी सगळे संपवले, तर मी आपणहून तोंड उघडते.”

राणीसाहेबांना हसू आलं. युवराज तर आधीच मांडी घालून बसले होते. “बोलत काय बसलात? आणा.”

पहिले लाडू मजेत गेले. पुढचे रेटून गेले. मग युवराजांनी पोटावर हात ठेवला. “आता नको.”

“असं कसं?” पुढची मुलगी म्हणाली. “तिचा खाल्लास, माझाच नको?”

“माझा नाही खाल्लास तर कट्टी,” मागचा म्हणाला.

“एकानं काय होतंय?” तिसरा म्हणाला आणि त्यानं युवराजांचं नाक दाबलं.

युवराज उठून पळाले. पोरं लाडू घेऊन मागे. अंगणभर एकच धावाधाव. शेवटी युवराज काबरीच्या मागे जाऊन दडले. काबरीनं शिंगं रोखली.

“मागे सरा. तो नको म्हणाला ना?”

पोरं जागीच थांबली. राणीसाहेब धावत आल्या. लेकाचं पोट टम्म, डोळ्यांत पाणी आणि दोन्ही हातांनी शेळीची मान धरलेली.

“आई,” तो म्हणाला, “मी नको म्हणतोय आणि कुणी ऐकतच नाही.”

काबरीनं शिंगं खाली घेतली. गुरुजी खाली बघत पागोट्यावरचा गूळ पुसू लागले. पुसता पुसता म्हणाले, “थोरलीचं आयुष्य संपलं नव्हतं, राणीसाहेब. आम्हीच संपवलं.”

त्या दिवशी रीत मोडली. भेटीला येणाऱ्यांनी खाऊ आणायचा नाही. हात धुऊन शांत बसायचं. जनावराला दूर जायला मागची वाट मोकळी ठेवायची. जवळ आलं तर कुरवाळायचं, नाही आलं तर आपलं नशीब म्हणायचं.

पुढे काबरीला दोन करडं झाली. राणीसाहेब बघायला आल्या आणि जुन्या सवयीनं त्यांनी लाडू पुढे केला. काबरीनं सरळ पाठ फिरवली. राणीसाहेबांनी इकडे तिकडे पाहिलं आणि तो मुकाट्यानं स्वतःच खाल्ला.

तात्पर्य काय, तर ज्याचं पोट, त्याचं ‘नको’ पहिल्याच वेळी ऐकावं, मग तो चार पायांचा असो की दोन.