दोन मजली कॉफी

एका गावात एक भोळा नवरा होता. त्याचं नाव श्रीपती. भोळा म्हणजे किती? कुणी "जरा दाराकडे बघ रे" म्हणालं, तर तो दिवस मावळेपर्यंत दाराकडे बघत बसायचा. एकदा त्याच दारातून शेळी आत आली, परड्यातली मेथी खाऊन बाहेर गेली, तरी हा बघतच होता. दाराकडे.

अशा माणसाला काम कुठलं टिकणार? आठ दिवस झाले की मालक हात जोडायचे. शेवटी त्याची बायको यमुना वैतागली. तिची आई तिला माहेरी न्यायला टपूनच होती. यमुनेने ट्रंक उचलली आणि सांगितलं, "अवो, एक म्हैना एका घरात कामाला टिकून दावा. म्हैना भरला की मी सोता त्या दारात येऊन हुभी ऱ्हाईन. टिकला असला तर तुमच्यासंगं घरी. न्हायतर आल्या गाडीनं माघारी."

श्रीपतीचा बायकोवर फार जीव. ती गेली त्या दिवशी त्याने दोन ताटं वाढून घेतली आणि दोन्ही तशीच ठेवून उठला. काय वाट्टेल ते होवो, महिनाभर टिकायचंच, असं त्याने ठरवलं.

काम मिळालं तात्यासाहेबांच्या घरी. तात्यासाहेब निवृत्त इंजिनियर. जन्मभर चहावर वाढलेला माणूस. पण मुलाने जपानहून कॉफीचं यंत्र पाठवलं आणि तेव्हापासून त्यांना चहाचा वाससुद्धा सोसेना. यंत्राचं नाव सायफन. काचेचे दोन चंबू, एकावर एक. खालच्यात पाणी, त्याच्या खाली स्पिरिटचा दिवा. पाणी तापलं की नळीतून वरच्या चंबूत चढायचं. तिथे कॉफीची पूड टाकायची. मग तात्यासाहेब स्वतःच्या हाताने दिवा बाजूला काढायचे, आणि कॉफी फडक्यातून गाळून पुन्हा खालच्या चंबूत उतरायची. या सगळ्याला अर्धा तास लागायचा आणि त्यावरच्या भाषणाला पाऊण तास. ते भाषण शेवटपर्यंत ऐकणारा आख्ख्या गावात श्रीपती एकटाच निघाला. म्हणून त्याला ठेवून घेतलं.

पहिल्याच दिवशी तात्यासाहेब म्हणाले, "श्रीपती, ही काच फार नाजूक. हिला तान्ह्या बाळासारखं जपायचं. कळलं?"

"कळलं की, तात्यासायेब."

तात्यासाहेब अंघोळ करून आले. बघतात तर ओट्यावर यंत्र नाही. माजघरात श्रीपती झोळी हलवत बसला होता. झोळीत दोन्ही चंबू. त्यांना तिळाचं तेल चोळून, शेक देऊन, वर काजळाची तीट लावलेली.

"आत्ताच डोळा लागलाय," श्रीपती कुजबुजला.

त्या दिवशी कॉफीवर तेलाचे चांगले रुपयाएवढे थेंब तरंगत होते. पण आलेले पाहुणे होते वाचनालयाच्या कमिटीचे, आणि कॉफी होती जपानच्या यंत्राची. एक म्हणाला, "वा! किंचित बदामाची झाक आहे नाही?" दुसरा म्हणाला, "बदाम नव्हे, अक्रोड." हेडमास्तर खळदकर डोळे मिटून म्हणाले, "बदाम आणि अक्रोड यांच्या मधलं काहीतरी." तात्यासाहेब खूश झाले. तरी पाहुणे गेल्यावर त्यांनी श्रीपतीला झापलंच.

"अरे, तेल नाही चोळायचं! साध्या पाण्याने खळखळून धुवायचं आणि उन्हात पालथं घालून ठेवायचं!"

"आता ध्यानात ठिवतो," श्रीपती म्हणाला. आणि ठेवलं.

चार दिवसांनी तात्यासाहेबांची लेक माहेरपणाला आली. सात महिन्यांचा मुलगा बरोबर. ती श्रीपतीला म्हणाली, "याने अंगभर खीर सांडून घेतलीय. जरा स्वच्छ करतोस? मी आलेच."

ती आली तेव्हा बाळ अंगणात, भांड्यांच्या टोपलीत, पातेलं आणि कढई यांच्या मधोमध पालथं घातलेलं. कोवळं ऊन, वर मोकळं आभाळ. बाळ उलथन्याशी खेळत होतं आणि भलतंच खुशीत होतं. आईने मात्र टाहो फोडला.

"निथळाया ठिवलंय, ताई," श्रीपती म्हणाला.

ताईंनी बाळाला छातीशी धरलं आणि ओरडून सांगितलं, "टोपलीत काय ठेवतोस! बाळाला पुसावं, गुंडाळावं! आणि काही प्यालं की खांद्यावर घेऊन पाठ थोपटावी, ढेकर येईपर्यंत! एवढंही कळत नाही?"

आता कळलं. आजवर कुणी सांगितलंच नव्हतं, त्याला श्रीपती काय करणार?

रविवारी हेडमास्तर खळदकर पुन्हा कॉफीला आले. तात्यासाहेबांना वाचनालयाचं अध्यक्षपद हवं होतं आणि हेडमास्तरांना फुकटची कॉफी, त्यामुळे दोघांचं चांगलं जमायचं. हेडमास्तरांनी शेवटचा घोट घेऊन कप खाली ठेवला मात्र, श्रीपतीने मागून येऊन त्यांना काखेत हात घालून उभं केलं, त्यांची हनुवटी आपल्या खांद्यावर टेकवली आणि पाठ थोपटायला सुरुवात केली.

"अहो, हे काय! सोडा!"

"आली की सोडतो, गुर्जी."

आणि आली. दिवाणखाना दणाणला. पस्तीस वर्षं ज्या माणसाला बघून शाळा चिडीचूप व्हायची, तो माणूस टोपी न घेताच निघून गेला.

तात्यासाहेब कडाडले. "मूर्खा! थोरामोठ्यांना हात लावायचा नसतो! दोन पावलं लांब उभं राहायचं, हात जोडायचे आणि मान खाली घालायची!"

"व्हय, तात्यासायेब. चुकलं माझं."

चूक कबूल करण्यात श्रीपतीने कधी हयगय केली नाही. दुसऱ्याच दिवशी सायफनखालचा दिवा कलंडला. टेबलावरच्या भरतकामाच्या कापडाने पेट घेतला. तात्यासाहेब धावत आले तर ज्वाळा हातभर उंच, आणि श्रीपती समोर दोन पावलांवर, हात जोडून, मान खाली घालून उभा.

"अरे, बघतोस काय!"

"अग्नीद्येव हायती. त्यांच्यापरास थोर कोन? हात कसा लावू?"

तात्यासाहेबांनी स्वतःच बादली आणून ओतली. कापडाची राख झाली. यंत्र वाचलं, म्हणून श्रीपतीही वाचला. "हे बघ," तात्यासाहेब धापा टाकत म्हणाले, "ज्योत दिसली, की देव नाही आणि दैत्य नाही! बादली घ्यायची आणि ओतायची!"

संध्याकाळी माईंनी, म्हणजे तात्यासाहेबांच्या पत्नीने, देवघरात समई लावली. हात जोडून डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा बाळकृष्ण पाटाखाली पोहत होता, शंख उंबऱ्यापर्यंत वाहत गेला होता आणि माई नखशिखांत भिजल्या होत्या. दारात श्रीपती, हातात रिकामी बादली.

"इजली," तो समाधानाने म्हणाला.

माई सहसा चिडत नसत. त्या दिवशी चिडल्या. "अरे मेल्या, पेटता दिवा कधी कुणी विझवतं का? घरचा दिवा माणसाने आपल्या हाताने विझवू नये! संपत आला तर वरून घालावं, पण तेवता ठेवावा! विझव म्हणून तोंडानेसुद्धा म्हणू नये!"

हे श्रीपतीच्या मनाला फारच लागलं. देवाघरची गोष्ट. त्याने कानाची पाळी धरून शपथ घेतली, की पुन्हा दिवा म्हणून विझवायचा नाही.

असं करत करत एकोणतीस दिवस झाले. गावात पैजा लागल्या होत्या. पण श्रीपती टिकला. तिसाव्या दिवशी तो पहाटे उठला, दाढी केली आणि लग्नातला सदरा घातला. दहाच्या एसटीने यमुना येणार होती. त्याला फक्त त्या घरात असायचं होतं, बाकी काही नाही.

नेमका त्याच दिवशी तात्यासाहेबांनी वाचनालयाची आख्खी कमिटी बोलावली होती. हेडमास्तर खळदकरही आले, पण भिंतीला पाठ लावून बसले. तात्यासाहेबांना बोलायचं होतं खूप. ते श्रीपतीला म्हणाले, "आज सगळं तूच कर. वर चढली की ढवळ. दिव्याचंही तूच बघ. आणि कॉफी खाली उतरेपर्यंत जागचं हलायचं नाही, बोलायचं नाही, काचेवरची नजर काढायची नाही!"

पाणी वर चढलं. श्रीपतीने पूड टाकली, ढवळली, आणि बघत उभा राहिला. कॉफी उतरेना. खाली दिवा छान तेवत होता. मंदावला की तो त्यात स्पिरिट घालायचा. पुन्हा तेवायचा. कॉफी वरच रटरटत होती. तात्यासाहेब कॉफीच्या झाडापासून सुरुवात करून आता तिच्या फुलापर्यंत आले होते.

तेवढ्यात दारात बांगड्या वाजल्या.

"आले बगा मी," यमुना म्हणाली. तिने नवं लुगडं नेसलं होतं. मागे तिची आई, म्हणजे श्रीपतीच्या तोळामासा प्रकृतीच्या सासूबाई, कपाळाला आठ्या घालून.

श्रीपतीचं काळीज सुपाएवढं झालं. ती आली होती, आणि आपण इथेच होतो, महिना भरला होता! पण कॉफी उतरली नव्हती. त्याने काचेवरची नजर काढली नाही.

"अवो, मी आले."

श्रीपतीने नजर न हलवता दिव्यात स्पिरिट घातलं.

"म्हैन्यानं आले, तर नुसतं बगवतबी न्हाई व्हय माज्याकडं?"

श्रीपतीच्या डोळ्यांतून टिपं गळायला लागली, पण ती काचेकडे बघता बघताच. यमुनेला त्याची फक्त पाठ दिसत होती. ती पाच मिनिटं उभी राहिली. सासूबाई म्हणाल्या, "चल गं. बाराची गाडी मिळंल अजून." आणि यमुना गेली.

तात्यासाहेब कॉफीच्या बीपर्यंत पोचले आणि त्यांनी वळून पाहिलं. वरच्या चंबूत डांबर रटरटत होतं.

"अरे गाढवा! खालची आग काढल्याशिवाय वर चढलेली खाली कशी उतरेल?" त्यांनी दिवा ओढला. घर्रर्र असा आवाज करत ते डांबर खाली आलं. "आणि हे वर राहिलं ना, हा गाळ. हा गुलाबाच्या मुळाशी टाकून ये. वरून तांब्याभर पाणी घाल. पंधरा दिवसांत कळ्या धरतात की नाही बघ!"

कमिटीने डांबर प्यायलं. "काय भारदस्त चव आहे!" असं एकमुखाने ठरलं आणि तात्यासाहेब अध्यक्ष झाले. श्रीपतीने गाळ गुलाबाला घातला, पाणी घातलं. तेव्हा माई म्हणाल्या, "अरे, बायको गेली ना तुझी! पळ! तिला गाडीतून खाली उतरव!"

श्रीपती पळाला. स्टँडवर गाडी उभी होती, इंजिन चालू. खिडकीत यमुना, शेजारी सासूबाई. यमुना वर चढून बसली होती. आता तिला खाली कशी उतरवायची? आज सकाळपर्यंत श्रीपतीला हे सांगता आलं नसतं. आता येत होतं.

तो तडक गाडीखाली शिरला.

"खालची आग काढा!" तो ओरडला. "गाडीखालची आग काढा आदी!"

आग म्हटल्यावर कोण थांबतं? दारातून, खिडक्यांतून, मागच्या काचेतून माणसं भराभरा उतरली. कंडक्टर तिकिटांची पेटी छातीशी धरून सगळ्यांच्या आधी. यमुनाही ट्रंकेसकट खाली आली. आग कुठेच नव्हती. गाडीखालून मात्र तोंड काळंकुट्ट झालेला श्रीपती सरपटत बाहेर आला.

यमुना बघतच राहिली. "आगीत शिरला व्हता? माज्यासाठी?"

"मग? तू वर चढून बसलीस न्हवं का."

यमुनेचा सगळा राग तिथल्या तिथे विरघळला. तिने पदराने त्याचं तोंड पुसलं. "चुकलंच माजं," ती म्हणाली. "चला, घरी जाऊ."

महिनाभर ज्याच्यासाठी झुरला, ते श्रीपतीच्या पदरात पडलं होतं. त्याने नुसती ट्रंक उचलून चालायला लागायचं होतं. पण कामात अर्धवटपणा त्याला आवडत नसे. त्याने गाडीकडे पाहिलं. झाडून सगळे उतरले होते. वर एकट्या सासूबाई राहिल्या होत्या. त्यांचे गुडघे धरले होते, म्हणून त्यांना उठता आलं नव्हतं.

"आलोच," श्रीपती म्हणाला, "येवढा गाळ टाकून."

तो गाडीत चढला. त्याने सासूबाईंना अलगद दोन्ही हातांवर उचललं, स्टँडमागच्या गुलमोहराकडे नेलं आणि मुळाशी नीट बसवलं. मग हॉटेलातून भरलेला तांब्या आणला आणि त्यांच्या डोक्यावर सावकाश, एक थेंब वाया न घालवता, ओतला.

सासूबाईंनी पदर पिळला. "यमुने," त्या म्हणाल्या, "गाडीत बस."

गाडी सुटली. श्रीपती हात हलवत मागून धावत होता.

"काळजी करू नगंस, यमुने! पंदरा दिसांत आईस्नी कळ्या धरतील!"