तणाची परीक्षा

शाळेत शेती विषयाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. संस्थेचे अध्यक्ष ढमढेरे मुलांना प्रश्न विचारायला जातीने आले आणि चकचकीत बुटांसकट थेट नववीतल्या सुगंधा लोंढेच्या वाफ्यात जाऊन उभे राहिले. तिने तीन आठवडे जपलेली मेथी पायाखाली चिरडली गेली. शेतीचे खरमाटे सर हात बांधून गप्प होते, कारण त्यांची नोकरी अजून कायम व्हायची होती.

"तण म्हणजे काय गं?" अध्यक्षांनी विचारलं.

"नको त्या जागी उगवतं ते, साहेब."

"मग गहूसुद्धा तण म्हणायचा का?"

"मेथीच्या वाफ्यात उगवला, तर तोही तणच."

अध्यक्ष खो खो हसले. "खरमाटे, हेच शिकवता का? ज्या गव्हावर जग जगतं, त्याला ही तण म्हणते. नापास करा हिला."

सरांचा चेहरा उतरला. सुगंधा मात्र अध्यक्षांच्या बुटांकडे बघत शांतपणे म्हणाली, "गहू थोरच आहे, साहेब. पण कितीही थोर असला, तरी तो मेथीत उभा राहिला की मेथी मरते."

अध्यक्षांनी खाली पाहिलं. मग एकेक पाय उचलत ते मुकाट्याने बांधावर आले.

खरमाटे सरांनी गुणांची वही उघडली. "साहेब, नापासच लिहू ना?"

"पैकीच्या पैकी द्या," बुटांची माती झटकत अध्यक्ष पुटपुटले.