ज्याच्या हाती दार

“पण वाटा ठरवता कसा, आबा? माणसागणिक, एकरागणिक, की पिकागणिक?”

टिळेकर साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं. सुपडूआबा आपले पाटाचं पाणी सोडायच्या दाराशी वाकलेले. पाटकरी ते. पस्तीस वर्षं गावाला पाणी वाटून देत होते, आणि एकही भांडण कोर्टात गेलं नव्हतं. म्हणून तर साहेब वाट वाकडी करून आले होते.

साहेब नदी आयोगाचे प्रमुख. पाच राज्यांचं पाणीवाटप त्यांनी एकहाती मांडलं होतं. सोमवारी सह्या व्हायच्या, आणि नदीच्या शेवटच्या टोकाचं राज्य नेमकं अडून बसलेलं. ते अडलं की दहा वर्षांची मेहनत मातीमोल. गणित बिनचूक आहे, या लोकांना कळत नाही त्याला मी काय करू, असं साहेब बराच वेळ सांगत राहिले.

आबांनी चष्मा लावून साहेबांनी पुढं केलेला वाटपाचा नकाशा नीट वाचला.

“यात तुमचं घर कुठंय?”

साहेबांना हसू आलं. त्यांनी धरणाला लागून असलेल्या शहरावर बोट ठेवलं. ऑफिसही तिथंच, आयोगातले बाकीचेही तिथलेच.

आबांनी नकाशा घडी घालून परत दिला. फावडं खांद्यावर टाकून पाटाच्या कडेनं निघाले. साहेब बूट सांभाळत मागं. दोन्ही बाजूंना गहू भरात आला होता. चांगलं तासभर चालल्यावर पाट संपला. तिथं एक चिंचोळं शेत होतं, आणि पाण्याची धार नुकतीच त्याच्या बांधाशी पोचत होती.

“हे कोणाचं?”

“माझं.”

“सगळ्यात शेवटी? पाटकरी असून?”

“जमीन वरच्या अंगाला होती. पाटकरी झालो त्या दिवशी बदलून घेतली. आमच्यात रीतच आहे तशी… ज्याच्या हाती दार, त्याचं शेत शेवटी.”

साहेब बांधावर थांबून बघू लागले. पाणी हळूहळू सरीत उतरलं, पार कोपऱ्यापर्यंत गेलं. त्यांना मनापासून लाज वाटली. त्यांनी हलक्या आवाजात विचारलं,

“आबा… सोमवारी त्या टोकाच्या लोकांना सांगू तरी काय?”

आबांनी फावड्याची माती झटकली.

“सांगू नका काही. तिकडं भाड्यानं घर मिळतं का, तेवढं विचारा.”