उकरेशेठांची उडती डोली

फार लांब नसलेल्या एका जंगलात घडलेली, फार जुनी नसलेली ही गोष्ट आहे. त्या जंगलात लोकशाही होती. म्हणजे राजा वाघच असायचा, पण दर पाच पावसाळ्यांनी प्रजेला विचारून. निवडणूक पुकारल्यापासून निकाल लागेपर्यंत कुणी कुणाला खायचं नाही, अशी कडक आचारसंहिता होती, त्यामुळे हरणांना निवडणुका फार आवडायच्या. त्या वर्षभर असाव्यात, असं त्यांचं म्हणणं होतं.

या जंगलात उकरेशेठ नावाचा एक रानडुक्कर राहायचा. जंगलातले सगळे रस्ते त्याने नाकाने उकरून तयार केले होते, आणि तयार झाल्यावर पुन्हा उकरले होते, कारण दुरुस्तीचं कामही त्याच्याकडेच होतं. आपले रस्ते कसे आहेत हे त्याला पक्कं ठाऊक असल्यामुळे तो त्यांच्यावरून कधी जात नसे. त्याने स्वतःसाठी एक उडती डोली केली होती. वेताची भक्कम टोपली, चार कोपऱ्यांना चार दोर आणि चार दोरांना चार सारस. सारसांचा म्होरक्या तात्या. तो बोलायचा कमी आणि मासे खायचा जास्त.

जंगलात दुसरी डोली नव्हती. उकरेशेठ महिन्यातून एकदा तिच्यात बसून कड्यापलीकडे आपल्या लेकीला, गौराला भेटायला जायचा. कड्यापलीकडचा रस्ता सरकारदरबारी केव्हाच पूर्ण झालेला होता, पण जमिनीवर तो अर्ध्यात संपत होता. उरलेले दिवस डोली अंगणात पडून असायची आणि सारस डुलक्या काढत असायचे.

त्या साली निवडणूक पुकारली गेली आणि वाघाचा चिटणीस खोकड उकरेशेठच्या दारात येऊन बसला. महाराजांना प्रचाराला फिरायचंय, डोली भाड्याने हवी, असं त्याने गोड शब्दांत सांगितलं. उकरेशेठ घुटमळला. आपली बसायची जागा परक्याला द्यायची म्हणजे त्याला कसंसंच वाटत होतं. शिवाय बायको, बकुळाबाई, आतून डोळे वटारत होती.

"नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, शेठ," खोकड म्हणाला. "आपल्याकडे लोकशाही आहे. फक्त डोली नसली तर महाराजांना तुमच्या रस्त्यांवरून फिरावं लागेल, एवढंच."

उकरेशेठने तिथल्या तिथे डोली भाड्याने दिली.

दुपारी तरस आला. तरस हा विरोधी पक्षाचा पुढारी. पूर्वी तो वाघाचं उष्टं खाऊन सुखात होता. ते मिळेनासं झालं तेव्हापासून त्याला तत्त्वं सुचायला लागली. वाघाला डोली आणि आपल्याला पायपीट, हा अन्याय असल्याचं त्याने हसत हसत सांगितलं. तो सगळंच हसत सांगायचा. उकरेशेठने विचार केला, न जाणो उद्या हाच निवडून आला तर? त्याने सकाळची डोली वाघाला आणि दुपारची तरसाला देऊन टाकली, आणि आपण किती निःपक्षपाती आहोत हे बकुळाबाईला सांगायला आत गेला.

"घरातलं माणूस आणि घरातली डोली, कुणाच्या हाती देतो ते बघून द्यावी," बकुळाबाई म्हणाली. "गौराला दिवस गेलेत. बारशाला आजोबानं पिल्लांच्या कानात नावं सांगायची असतात. त्या दिवशी डोली दारात पाहिजे, बाकी मला काही ठाऊक नाही."

उकरेशेठने तिला शब्द दिला.

आता झालं असं, की डोली उतरताना मालकाचं नाव पुकारायचं, हा सारसांचा पूर्वापार शिरस्ता होता. आत कोण बसलंय याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. आणि पुढाऱ्याकडे मान वर करून बघायचं नाही, हा हरणांचा शिरस्ता होता. पुढारी आला की ती माना खाली घालून, कान टवकारून उभी राहायची. त्यामुळे रोज सकाळी कुरणात डोली उतरायची, तात्या सारस आभाळ दणाणून सोडत "उकरेशेठ आले हो" असं ओरडायचा, आणि वाघ भाषण करायचा.

"माझ्या राज्यात भुकेने मेलेलं एक हरीण दाखवा," वाघ म्हणायचा. हरणं गवताकडे बघत आठवायची. खरोखरच कुणी भुकेने मेलं नव्हतं. तेवढा वेळच मिळाला नव्हता कुणाला.

दुपारी तीच डोली त्याच कुरणात उतरायची, तात्या तीच आरोळी ठोकायचा आणि तरस बोलायला उभा राहायचा. "बंधूंनो, आजवर तुम्हाला एकट्याने खाल्लं गेलं. आमचं सरकार आलं तर सर्वांना सोबत घेऊन खाल्लं जाईल."

हरणांनी दोन्ही भाषणांना खुर आपटून दाद दिली. संध्याकाळी ती आपसात म्हणायची, हा उकरेशेठ भला दिसतो. सकाळी एक बोलतो, दुपारी दुसरं बोलतो, म्हणजे अनुभवी आहे.

मतदानाच्या दिवशी प्रत्येकाने घुबडाच्या कानात एक नाव सांगायचं होतं. घुबडाने आयुष्यात पहिल्यांदा दिवसाढवळ्या डोळे उघडले. निवडणुकीला उभाही न राहिलेला उकरेशेठ प्रचंड बहुमताने राजा झाला होता.

उकरेशेठला घाम फुटला. निकालानंतर तासाभरात वाघ आणि तरस दोघेही त्याच्या अंगणात हजर झाले आणि दोघांनीही बिनशर्त पाठिंबा जाहीर केला. पाठिंब्याच्या अटी ठरवायला मात्र एकांत हवा होता. खोकडाने जागाही शोधून ठेवली होती. "कड्यापलीकडे," तो म्हणाला. "तिथे रस्त्याने कुणी पोचूच शकत नाही. तुमच्या कामाचा हा फार मोठा उपयोग झाला, महाराज. उद्या सकाळी दोघे डोलीने जातील."

दुसऱ्याच दिवशी गौराच्या सात पिल्लांचं बारसं होतं. उद्या डोली आपल्याला हवी आहे, असं उकरेशेठ चाचरत म्हणाला. खोकडाला त्याची कीव आली असावी.

"डोली आता राज्याची झाली, महाराज. मालक होतात तोवर तुम्ही भाड्याने देत होतात. आता तुम्हाला अर्ज करावा लागेल, आणि अर्ज माझ्याकडे येतात."

 पहाटे उठून बकुळाबाईने बारशाचे कंद फडक्यात बांधले आणि गाठोडं त्याच्यासमोर ठेवलं. उकरेशेठ आयुष्यात पहिल्यांदा आपल्या रस्त्यावरून चालू लागला.

पहिल्या वळणावर त्याचा पाय मुरगळला. दुसऱ्या वळणावर कंद गेले. तिसऱ्या वळणावर तो स्वतःच गेला, गळ्यापर्यंत, एका खड्ड्यात. हा खड्डा तीनदा बुजवल्याचं त्याला नीट आठवत होतं. तिथे अडकून तो वर बघत असताना डोली डोक्यावरून गेली. आत वाघ आणि तरस मांडीला मांडी लावून बसले होते आणि दोघेही हसत होते.

तेव्हा कुठे उकरेशेठच्या ध्यानात आलं. निकाल लागला होता. आचारसंहिता संपली होती. वाघ दीड महिन्याचा उपाशी होता. आणि कड्यापलीकडे डोली उतरताना तात्या सारस त्याचं, गौराच्या बापाचं, नाव पुकारणार होता. बाप आला म्हणून पोर पिल्लं घेऊन धावत बाहेर येणार होती.

उकरेशेठ रडला. मग ज्या नाकाने त्याने आजवर रस्ते बिघडवले होते त्याच नाकाने त्याने खड्ड्याची कड फोडली आणि वर आला. जिथे रस्ता संपला होता तिथून पुढे काट्याकुट्यातून तो नुसता धावत सुटला. सबंध आयुष्यात त्याने इतकं प्रामाणिक काम केलं नव्हतं.

तिन्हीसांजेला तो पोचला तेव्हा गौरा कातळाला पाठ लावून उभी होती. सातही पिल्लं तिच्या पोटाखाली होती. सातही जिवंत होती. समोर वाघ आणि तरस सकाळपासून भांडत बसले होते. पिल्लं सात, वाटेकरी दोन. वाघ म्हणत होता, चार मोठ्या पक्षाला. तरस म्हणत होता, समसमान वाटपाचा शब्द बंद डोलीत दिला गेला होता. वाघ म्हणत होता, असा शब्द दिलाच नव्हता. डोलीत तिसरं कुणी नसल्यामुळे खरंखोटं ठरत नव्हतं.

उकरेशेठला एकदम कारभार समजला. चिखलाने माखलेल्या अंगानेच तो दोघांच्या मध्ये गेला. "विषय गंभीर आहे," तो म्हणाला. "मी दोघांची समिती नेमतो. एकमत होईपर्यंत दोघांनी इथून हलायचं नाही."

समिती म्हटल्यावर दोघेही सावरून बसले. अध्यक्ष कोण, यावर लगेच नवं भांडण जुंपलं. तेवढ्यात उकरेशेठने लेकीला खूण केली आणि पिल्लांना कातळामागच्या कपारीतून पलीकडे काढलं. तिथे करवंदीच्या जाळीत बारसं झालं. नावं त्याला एकही आठवेना. त्याने एकेका पिल्लाच्या कानाशी तोंड नेलं आणि सातही जणांना एकच गोष्ट सांगितली. आरोळी ऐकून धावायचं नाही, आधी उतरतंय कोण ते बघायचं.

डोली आजही भाड्याने जाते. द्यावी की न द्यावी, हा प्रश्न त्याच समितीपुढे आहे. जंगलातल्या आया मात्र तेव्हापासून शहाण्या झाल्या आहेत. दोन पुढारी एकमेकांच्या उरावर बसलेले दिसले की त्या पिल्लांना मोकळं सोडून निवांत चरतात. दोघे गळ्यात गळे घालून हसताना दिसले, की आधी पिल्लं मोजून घेतात.