दरडीतले घर

जंगलातल्या शाळेत एकच विद्या निवडावी लागे, तेव्हाची ही गोष्ट. घारबाई उडायला शिकवत, पाणमांजर गुरुजी बुडी मारायला आणि घूसबाई बीळ खणायला. शेवटी ज्याच्या त्याच्या विद्येप्रमाणे घराला जागा मिळे.

खंड्या पक्षी म्हणाला, "मला तिन्ही शिकायच्या आहेत."

"एक ना धड, भाराभर चिंध्या!" गुरुजी चिडले. "जागा मिळणार नाही, सांगून ठेवतो."

"नका देऊ," खंड्या म्हणाला आणि तिघांच्याही वर्गाबाहेर बसून शिकला.

जागा वाटल्या गेल्या. झाडे उडणाऱ्यांना, डोह बुडी मारणाऱ्यांना, माळ खणणाऱ्यांना. खंड्याचे नाव कुणी पुकारलेच नाही.

नदीची उभी दरड तेवढी उरली होती. खणणाऱ्यांना तिथे पोचता येईना, उडणाऱ्यांना ती खणता येईना. खंड्याने चोचीने तिच्यात बीळ कोरले.

पुढे एकदा तिघे शिक्षक काठावर आले. खंड्याने पाण्यात सूर मारला, मासा उचलला आणि उडत थेट बिळात शिरला. आत पिल्लांचा गलका झाला.

"पण ही विद्या कोणती म्हणायची?" घारबाईंनी विचारले.

"ते तुम्ही ठरवा, बाई," आतून उत्तर आले. "माझी पिल्ले भुकेली आहेत."