पाटीचा तळ

"आक्का, आता तरी सांग, माझा खय चुकता?"

भामाआक्का बंदरावरच्या मासळीबाजाराच्या पायरीवर बसली होती. पन्नास वर्षं तिने याच पायरीखाली मासळीची पाटी लावली. आता पाटी सुटली होती, पण बाजारातल्या बाया अजून तिच्या तोंडाकडे बघूनच भाव धरत.

समोर उभा होता विश्राम राऊळ. कुडाळच्या स्टेशनरोडवर त्याची खानावळ. माणूस कष्टाळू, हाताला चव, आणि नाकावर माशी बसू न देणारा.

दोन वर्षांपूर्वी तो आक्काच्या पायाशी येऊन बसला होता. मासा पारखायला शिकव म्हणाला. आक्काने शिकवलं. डोळा कसा बघायचा, गलफड उचलून आतला लाल रंग कसा ओळखायचा, पोटावर बोट दाबलं की मांस परत वर येतं की खड्डा तसाच राहतो... दर बुधवारी आणि शनिवारी विश्राम मोटरसायकलवरून यायचा. सहा महिन्यांत त्याने आक्काची विद्या उचलली आणि वर्षभरात तो तिच्या पुढे गेला.

मासा हातात घेतला की तो त्याची जन्मकुंडलीच मांडायचा. जाळ्यातला की गळाचा, पाण्याबाहेर येऊन किती तास झाले, बर्फ लागला की नाही... एकदा भर बाजारात त्याने एकीच्या पाटीतल्या सुरमईचं गलफड उघडून सांगितलं की ही आपल्या बंदराची नाहीच, परवा ट्रकमधून आली आहे. खरंच निघालं ते. बाजार गप्प झाला. ही गोष्ट तो खानावळीत गिऱ्हाइकांना वाढता वाढता सांगायचा, आणि एकदा सांगून त्याचं भागत नसे.

आणि तरीही त्याच्या वाट्याला यायचं काय? सुरमई, बांगडा, कोळंबी. पुढच्या फेरीला कोळंबी, बांगडा, सुरमई.

हाच किनारा रोज वीस जातींची मासळी देतो, हे त्याला ठाऊक होतं. मुडदुशे, सौंदाळे, शेंगटी, खवळे, तारल्या, भरलेल्या कुर्ल्या... ती मासळी बायांच्या पाट्यांत तळाशी असायची, ओल्या गोणपाटाखाली. वरचा थर येणाऱ्याजाणाऱ्यांचा, तळाचा आपल्या माणसांचा, असा बाजाराचा रिवाज. विश्राम दिसला की बाया गोणपाट आणखी वर ओढून घेत. हे त्याने डोळ्यांनी बघितलं होतं.

खानावळीवर त्याने हौसेने पाटी रंगवून घेतली होती, 'आपल्या किनाऱ्याची ताजी मासळी'. गेल्या आठवड्यात एक जुने मास्तर जेवून उठले, हात धुतले आणि सहज विचारल्यासारखं म्हणाले, राऊळ, तुमच्या समुद्रात तीनच मासे असतात का हो? चार टेबलं हसली. विश्रामला त्या रात्री जेवण गेलं नाही. मास्तर आता समोरच्या खानावळीत जायला लागले होते, आणि त्यांच्यामागून आणखी चौघे.

म्हणून तो आज नेहमीचे वार सोडून आला होता. मंगळवारी.

"माका मासो कळता काय नाय?" त्याने विचारलं.

"कळता."

"ह्या बाजारात माझ्यापेक्षा जास्त कोणाक कळता?"

खोटं बोलायची आक्काला सवय नव्हती.

"कोणाक नाय..."

"मगे तळाचा म्हावरा माका कित्याक दाखवनत नाय?"

आक्काने तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. मग विश्रामनेच मनातलं बोलून टाकलं. तू एक शब्द टाक, तुझा शब्द कोण मोडत नाही, तू सांगितलंस की उद्यापासून पाट्या उघडतील.

"पाटी त्यांची," आक्का म्हणाली. "शब्द टाकूक मी कोण?"

"मगे मी करू काय?"

"उद्या रापणीवर ये. उजाडता उजाडता."

विश्रामला वाटलं, झालं काम. रापणीवर म्हणजे थेट किनाऱ्यावर, मासळी पाण्यातून वर येते तिथे. आक्का चारचौघांसमोर आपलं नाव घेणार. घरी जाऊन त्याने इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो पोचला तेव्हा होडी जाळं टाकून परतली होती. रापण म्हणजे समुद्रात अर्धगोल सोडलेलं लांबच लांब जाळं. त्याची दोन टोकं किनाऱ्यावर, आणि दोन्ही दोरांना माणसं. बापये होते, बाया होत्या. बाजारात पाटी घेऊन बसणारी कुसुम होती, पदर खोचून दोराला लागलेली. विश्राम तिच्याकडून दोन वर्षं मासळी घेत होता, पण तिला उभी अशी त्याने पहिल्यांदाच बघितली.

आक्का दोराजवळ उभी होती. तिने त्याला नुसतं बघितलं आणि दोराकडे मान केली.

"मी घेवक इलंय, आक्का," विश्राम म्हणाला. "ओढूक नाय."

पंचाहत्तर वर्षांच्या त्या म्हातारीने लुगडं आवळलं आणि स्वतः दोराला हात घातला.

आता पुढे काय करायचं होतं त्याने? मुकाट्याने चपला काढल्या आणि तिच्या मागे दोर धरला.

दोन तास. वाळूत टाच रोवायची, मागे झुकायचं, पाऊल मागे घ्यायचं, शेवटाला पोचलं की पुढे धावत येऊन परत धरायचं. तासाभरात इस्त्री कुठे गेली कळलं नाही. तळव्यांची कातडी निघाली, खारं पाणी त्यात चरचरलं. पण दोर सोडायचा विचार त्याच्या मनात आला नाही. पुढे आक्का होती, मागे कुसुम होती, आणि राऊळांचा माणूस बायांच्या मधून दोर सोडून गेला असं त्याला कोणाकडून ऐकून घ्यायचं नव्हतं.

जाळं वर आलं. वाळूवर मासळीची चांदी उसळली. नावं विश्रामला सगळी येत होती. एवढी सगळी एका जागी जिवंत त्याने कधी बघितली नव्हती.

रापणीचा म्होरक्या बाबल तांडेल. त्याने मासळीचे ढीग घातले, जेवढी माणसं तेवढे. दोराला हात लागला त्याला वाटा, हा तिथला कायदा. कुणी आपला वाटा निवडायचा नाही, हाही कायदाच. एकाने समुद्राकडे तोंड करून उभं राहायचं, तांडेलाने ढिगावर काठी टेकून विचारायचं, हो वाटो कोणाचो? पाठमोऱ्याने नाव घ्यायचं. जे येईल ते घ्यायचं.

विश्रामच्या डोळ्यांनी तोवर सगळे ढीग पारखून ठेवले होते. कडेचा सगळ्यांत सरस, त्यात दोन हातभर सौंदाळे. त्याचं नाव निघालं मधल्याच एका ढिगावर. चार बांगडे, ओंजळभर मुडदुशे, एक छोटा सौंदाळा, दोन शेंगट्या, एक कुर्ली.

त्याने ती मासळी गोणपाटावर मांडली. मांडताना त्याचं त्यालाच नवल वाटलं, की एकाही माशाचं गलफड उचलावं असं त्याला वाटलं नव्हतं. तो मांडलेल्या वाट्याकडे बघत राहिला. आयुष्यात एवढी मासळी विकत घेतली, पण माझी म्हणावी अशी ही पहिलीच.

तेवढ्यात एक गाडी थांबली. शहरातला माणूस, हातात बर्फाचा डबा, डोक्यावर टोपी. माणूस जाणकार होता, हे विश्रामला त्याच्या चालण्यावरूनच कळलं. सगळे वाटे बघत तो विश्रामच्या गोणपाटापाशी येऊन उकिडवा बसला.

त्याने सौंदाळा उचलला. दोन बोटांनी गलफड उघडून आत बघितलं. पोट दाबलं. बोट नाकाशी नेलं. मग तेच बोट गोणपाटाला पुसलं.

"कालचा तर नाही ना?" त्याने विचारलं.

सगळं अगदी बरोबर केलं होतं त्याने. एक रीत चुकली नव्हती. आणि विश्रामच्या कानांपर्यंत रक्त चढलं.

"हात काढा," तो म्हणाला.

"अहो, बघून घ्यायला नको?"

"घ्या नायतर ऱ्हवांदे. माझ्या वाट्याक बोट लावू नकात."

माणूस चकित झाला. दुप्पट देतो म्हणाला. विश्रामने सौंदाळा त्याच्या हातातून काढून घेतला आणि गोणपाटाचं टोक मासळीवर ओढलं.

ओढलं... आणि त्याचा हात तिथेच थांबला.

गाडीवाला पुटपुटत पुढच्या वाट्याकडे गेला. विश्राम तसाच बसून राहिला. ते बोट त्याच्या ओळखीचं होतं. दर बुधवारी, दर शनिवारी, दोन वर्षं... भर बाजारात, चारचौघांत. त्याने मान वर केली. तीन हातांवर कुसुम आपली पाटी भरत होती. तिच्याही तळव्यांना वाळू आणि रक्त चिकटलेलं होतं, आणि ते आजचंच नव्हतं.

लाज वाटली त्याला, आणि ती त्याने लपवली नाही.

कुसुमने त्याच्याकडे बघितलं, मग आक्काकडे.

भामाआक्का वाळूत पाय पसरून बसली होती, आपल्या वाट्यातले मुडदुशे पदरात घेत. तिने मानही वर केली नाही.

"कुसमे," ती म्हणाली, "पाटी उघड. गिरायक इला."