डिंकाची ढोली

फार पूर्वी ओढ्याकाठच्या एका चिंचेवर खारींचे दाणे सामाईक असत. रीत एकच होती. ढोलीत शिरण्याआधी राखणीला बसलेल्या साळुंकीला ढोलीचं नाव सांगायचं. आत कोणी असेल तर ती म्हणे, "थांब." नसेल तर म्हणे, "जा."

एकदा पूर्वेच्या फांदीवरून झिपरी खार ओरडली, "मावशी, उजवीकडची ढोली!"

"जा."

तेवढ्यात समोरच्या पश्चिमेच्या फांदीवरून टिल्ली ओरडली, "मावशी, डावीकडची!"

"जा."

एकीची उजवी तीच दुसरीची डावी; दोघी एकाच ढोलीत घुसल्या. एक दाणे आत लोटत होती, दुसरी बाहेर ओढत होती. झटापटीत निम्मे दाणे ओढ्यात गेले.

"आता पावसाळाभर पिल्लांना काय घालू?" झिपरी रडू लागली.

दोघींना "जा" साळुंकीनेच तर म्हटलं होतं.

"टिल्लीची ढोली म्हणा, म्हणजे घोळच नको," टिल्ली म्हणाली.

"आणि उद्या तू आंब्यावर राहायला गेलीस की?" झिपरी फणकारली.

साळुंकी खोडाभोवती फिरून आली. ढोलीच्या तोंडाशी डिंकाचा मोठा गोळा होता. "कुठल्याही फांदीवरून या, हा इथेच असतो. आजपासून ही डिंकाची ढोली."

दुसऱ्या दिवशी झिपरी ओरडली, "मावशी, डिंकाची!"

"जा गं."

लगेच पलीकडून हाक आली, "मावशी, डिंकाची!"

"थांब, टिल्ले."

टिल्ली शेपूट फुगवून, कुरकुरत बसून राहिली. आत झिपरी उरलेले दाणे निवांत रचत होती. त्यातला एकही खाली पडला नाही.